इतिहासाचा विद्यार्थी : वकील की साक्षीदार?

शहापुरातील एका जुन्या मराठी घराण्यातील मुलगी काही वर्षांपूर्वी बारावीनंतर बी.ए.च्या वर्गात आली आणि तिने इतिहास हा विषय निवडला. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीने असे करणे आपल्याकडे अजूनही थोडे चमत्कारिक मानले जाते. गावात तांत्रिक विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिला तेथे प्रवेश मिळाला नाही तिने कला शाखेकडे वळावे आणि तेथेही जिला काही सुचत नाही तिने इतिहास घ्यावा, अशी रीतच पडून गेली आहे. मुलीच्या घरीही विरोध झाला. तो तिच्या आजोबांनी मोडून काढला. मात्र त्यांनी तिला एक अट घातली. "इतिहास जरूर शीक," ते म्हणाले, "पण आपल्या बाजूचा शीक. इथं आपली बाजू सांगणारं माणूस आता उरलेलं नाही."

दुसऱ्या वर्षी तिने बेळगावच्या किल्ल्यावर एक छोटा निबंध लिहायला घेतला. किल्ल्यातील कमल बस्ती आपणा सर्वांच्या पाहण्यातील आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, १२०४ सालचे दोन शिलालेख बेळगावहून गेले आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची वाचने ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये छापलेली तिला ग्रंथालयात मिळाली. लेखांची भाषा कन्नड. वेणुग्राम, म्हणजे आपले बेळगाव, हे तेव्हा रट्टांचे राजधानीचे ठिकाण होते. तिने हे सारे जसे होते तसे लिहिले आणि निबंध आजोबांना वाचून दाखवला. आजोबा रागावले नाहीत. ते गप्प झाले. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "हे तू लिहिलं नसतंस तर काय बिघडलं असतं? ते सांगायला त्यांची माणसं आहेत की."

हा प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली. "सर, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. तरी घरच्यांशी बेइमानी केल्यासारखं वाटतंय. असं वाटणं चूक आहे का?"

मी त्या वेळी तिला जे उत्तर दिले ते वर्गात शोभण्यासारखे होते. इतिहासाच्या अभ्यासकाने निःपक्षपाती असावे, पुरावा लपवू नये, इत्यादी. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. कारण आजोबांच्या त्या एका वाक्यामागे जे दुःख होते त्याला ते स्पर्शही करत नव्हते. पुढे मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली, मीही निवृत्त झालो; प्रश्न मात्र मनात तसाच राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रश्न वरवर लहान दिसतो. पदवीच्या वर्गातील वीस वर्षांच्या मुलीने दहा पानांत काय लिहिले, यावर कोणाचे काय अवलंबून आहे? परंतु सीमाभागात इतिहास हा केवळ परीक्षेचा विषय कधीच नव्हता. निपाणीचे उदाहरण घ्या. गाव कर्नाटकात, गावाला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जाणारी निपाणीची मुले कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतात. गावातल्याच महाविद्यालयात शिकणारी मुले बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी घेतात. २०१० साली हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची असे. एकाच आळीतली दोन मुले सकाळी घरून निघतात. एकाच्या पुस्तकात मराठ्यांचे राज्य मध्यभागी आणि कर्नाटकातील राजघराणी कडेला. दुसऱ्याच्या पुस्तकात कदंब, चालुक्य, विजयनगर मध्यभागी आणि मराठे कडेला. एकाला जो पराक्रमी सरदार म्हणून भेटतो, तोच दुसऱ्याला चाल करून आलेला परका म्हणून भेटतो. संध्याकाळी दोघे एकाच कट्ट्यावर बसतात. त्यांच्यापैकी कोणालाही खोटे शिकवलेले नसते. पण प्रत्येकाला अर्धे शिकवलेले असते, आणि त्या अर्ध्याला पूर्ण मानण्याची सवय लावलेली असते.

१ नोव्हेंबर हा दिवस तर आपण दरवर्षी पाहतो. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्याच्या दक्षिण विभागातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. एकाच शहरात त्या दिवशी एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले तेही १ नोव्हेंबरलाच. २०२१ च्या डिसेंबरात बंगळूरमध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याची आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली तेव्हा आपण सर्वांनीच घराची दारे लवकर लावून घेतली. जेथे पुतळ्यांवरून संचारबंदीची भाषा होते तेथे दहा पानांचा निबंधही निरुपद्रवी राहत नाही. म्हणून आजोबांची अट समजून घ्यायला हवी. ते नातीला खोटे बोलायला सांगत नव्हते. ते तिला वकील व्हायला सांगत होते.

वकिलीत गैर काहीच नाही. महाराष्ट्र शासनाने सीमाप्रश्नावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो अजून निकाली निघालेला नाही. त्या दाव्यात आपला वकील आपलीच बाजू मांडणार. त्याने प्रतिपक्षाच्या सोयीचे कागद स्वतःहून पुढे करावेत अशी कोणी अपेक्षा करत नाही. न्यायालयात हा एकांगीपणा चालतो, कारण समोर दुसरा वकील उभा असतो आणि वर न्यायाधीश बसलेला असतो. तीन माणसे मिळून सत्याचे काम करतात, म्हणून एकाने एकच बाजू सांभाळली तरी भागते. विद्यार्थ्याच्या मनात मात्र समोरचा वकीलही नसतो आणि न्यायाधीशही नसतो. तेथे एकटी आपली बाजू बोलत राहिली, तर ऐकणारा हळूहळू तिलाच निकाल समजू लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याची जागा वकिलाच्या खुर्चीत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. साक्षीदार आपल्याच पक्षाने बोलावलेला असू शकतो, त्याचे मन आपल्याकडे असू शकते. पण त्याला विचारलेले सगळे सांगावे लागते, गैरसोयीचेही सांगावे लागते.

येथे कोणी म्हणेल, हा उपदेश ठीक आहे, पण त्याने आपला हक्क दुबळा होतो त्याचे काय? किल्ल्यातला लेख कन्नड आहे असे आपल्याच मुलीने लिहिले, तर उद्या तेच आपल्यावर उलटवले जाणार नाही का? मला वाटते सगळ्या गोंधळाचे मूळ या प्रश्नातच आहे. आपला हक्क कशावर उभा आहे, हे आपण स्वतःशी नीट ठरवलेलेच नाही.

महाराष्ट्राने सीमाभागावर जी मागणी केली, तिचे आधार आठवून पाहा. खेडे हा घटक धरावा. भौगोलिक सलगता असावी. भाषिक बहुसंख्या पाहावी. आणि लोकेच्छा लक्षात घ्यावी. ही चार तत्त्वे. यांतले एकही तत्त्व प्राचीन इतिहासावर आधारलेले नाही. ही तत्त्वे आज येथे राहणाऱ्या माणसांविषयी बोलतात : ती कोणती भाषा बोलतात, कोणत्या गावात राहतात, त्यांची इच्छा काय आहे. चंदगड तालुका १९५६ साली जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला गेला, तो कोणत्या ताम्रपटाच्या आधारावर नव्हे. तेथील माणसे मराठी बोलत होती म्हणून. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत, मात्र बेळगाव तेथेच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. आपला त्या अहवालाशी जो झगडा आहे तोही या चार तत्त्वांच्या वापराविषयीच आहे. मग १२०४ च्या लेखाची आपल्याला धास्ती का वाटावी?

खरे म्हणजे धास्ती वाटते, कारण व्यासपीठावरून आपण दुसराच युक्तिवाद करत आलो. ही भूमी आधीपासून आमची, असे आपण म्हणतो. समोरचेही तेच म्हणतात. एकदा ही शर्यत सुरू झाली की ती कोठे थांबवायची? पेशवाईपाशी थांबलो तर ते आदिलशाहीच्या पलीकडे जातात. १४७३ च्या सुमारास महमूद गावानाने हा किल्ला बहमनी राज्यासाठी घेतला. त्याआधी विजयनगर, त्याआधी देवगिरीचे यादव, त्याआधी रट्ट. खानापूर तालुक्यातील हलशी ही पलाशिका या नावाने कदंबांची एक राजधानी होती, आणि तेथील पाचव्या-सहाव्या शतकांतले ताम्रपट संस्कृतात आहेत. यादवांचे म्हणाल तर ज्यांना आपण मराठीचे पहिले राजाश्रयदाते मानतो, त्यांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. ज्याला येथे आपल्या भाषेची अखंड मालकी सिद्ध करायची आहे, त्याला दर दोनशे वर्षांनी काहीतरी लपवावे लागेल. मग तो कोणत्याही भाषेचा असो.

आणि आपल्या, म्हणजे जुन्या घराण्यांच्या बाबतीत तर ही शर्यत अधिकच अडचणीची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तान्त आहे. त्यात मूळ गावाचा उल्लेख असतो. कोणाचे मूळ गाव रत्नागिरीकडे, कोणाचे साताऱ्याकडे. कोणाचा मूळ पुरुष पटवर्धनांच्या चाकरीत आला, कोणाचा पेढीच्या निमित्ताने, तर कोणाचा १८१८ च्या एप्रिलात मन्रोने किल्ला घेतल्यानंतर छावणी आणि कचेऱ्या वसल्या तेव्हा. आपण येथे आलो, हे आपलेच कागद सांगतात. आधी येणाऱ्याचा हक्क मोठा, हे तत्त्व मान्य केले तर पहिला निकाल आपल्याच विरुद्ध जातो. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या भात लावणाऱ्या मराठी कुणब्याला तर ‘तू कधी आलास’ हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. मात्र त्याच्या मुलाला मराठी शाळा मिळावी, सातबाऱ्याचा उतारा त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा, हा त्याचा हक्क त्याचा पणजोबा कोठून आला यावर मुळीच अवलंबून नाही. तो माणूस आज येथे आहे आणि ही त्याची भाषा आहे, एवढे त्या हक्काला पुरेसे आहे.

हे एकदा स्वच्छ समजले की इतिहासाचा विद्यार्थी मोकळा होतो. त्याला आपल्या माणसांच्या न्यायासाठी भूतकाळ वाकवावा लागत नाही. तो किल्ल्यातला कन्नड लेख आनंदाने वाचू शकतो, कारण त्या लेखाने त्याचे काहीच जात नाही. उलट जो हक्क आपण चुकीच्या खुंटीवर टांगतो, तो खुंटी निखळली की खाली पडतो, आणि पडताना भिंतीचाही गिलावा घेऊन येतो. न्यायही जातो आणि इतिहासही जातो.

तरीही आजोबांच्या म्हणण्यातली एक गोष्ट राहतेच, आणि ती सर्वांत वजनदार आहे. निःपक्षपातीपणा हा बलवानाला परवडतो, असे त्यांना म्हणायचे होते. ज्यांच्यापाशी राज्य आहे, पाठ्यपुस्तक आहे, चौकातले पुतळे आहेत, त्यांनी खुशाल समतोल बोलावे. ज्यांच्यापाशी एक पडके ग्रंथालय आणि चार वयोवृद्ध कार्यकर्ते उरले आहेत, त्यांच्या मुलीने समोरच्याचा पुरावा शोधून देणे ही चैन नव्हे काय?

या आक्षेपाला मी पुष्कळ दिवस उत्तर शोधत होतो. ते मला १७ जानेवारीने दिले. १९५६ च्या त्या दिवशी बेळगावात आणि निपाणीत जे घडले, त्यासाठी आपण दरवर्षी हुतात्मा दिन पाळतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात जे गेले, त्यांचे स्मारक हिंडलग्याला आहे. ही माणसे खरोखर होती, खरोखर मेली, आणि ती कशी मेली हे जगाने ऐकावे अशी आपली इच्छा आहे. जगाने ते कोणाच्या तोंडून ऐकावे? ज्याने १२०४ चा लेख लपवला त्याच्या तोंडून? एकदा आपल्या सोयीसाठी गप्प बसलेला माणूस पुढे आपल्या दुःखाविषयी बोलू लागला की ऐकणारा मनात म्हणतो, याने येथेही काही वगळले असेल. बलवानाची साक्ष खोटी निघाली तरी त्याचे राज्य राहते. दुबळ्यापाशी मात्र साक्षीच्या विश्वासार्हतेखेरीज दुसरे भांडवलच नसते. म्हणून खरेपणा ही दुबळ्याची चैन नव्हे. त्याची ती एकमेव ठेव आहे, आणि ती त्याने खर्चून टाकू नये.

अशा प्रसंगी मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराची आठवण होते. १९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक फ्रेंच सैन्यात अधिकारी होता. पराभवानंतर लगेच त्याने त्या पराभवाची हकिगत लिहिली, आणि तीत शत्रूला शिव्या देत न बसता आपल्याच सेनापतींचे, आपल्याच शिक्षित वर्गाचे दोष निर्भीडपणे नोंदवले. एवढे लिहून तो स्वस्थ बसला नाही. तो भूमिगत प्रतिकारात सामील झाला, पकडला गेला आणि जून १९४४ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. देशावर प्रेम करणारा आणि देशाच्या चुका लिहिणारा हे दोन वेगळे माणूस असावे लागतात, असे समजणाऱ्याने हे चरित्र वाचावे.

पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मराठी इतिहाससंशोधनाचा पायाच मुळी एका विद्यार्थ्याच्या अशा चौकशीने घातला गेला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे मराठी भाषांतरही झाले, आणि बरीच वर्षे तोच शेवटचा शब्द मानला जाई. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेतच त्यावर परीक्षणात्मक निबंध लिहून पुण्याच्या तरुणांच्या सभेत वाचला. तो १८६८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. साहेबाने आमची निंदा केली, आम्ही आमची स्तुती करू, असे म्हणणे त्या वयात सोपे होते. कीर्तन्यांनी विचारपूस केली ती साधनांची : कोणत्या कागदांवरून हे लिहिले, कोणते पाहिले नाहीत, आणि ते आज कोठे आहेत? या एका प्रश्नाच्या वाटेने पुढे राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी साधनांचे खंड काढले. याच परंपरेतले एक अभ्यासक य. दि. फडके २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्या शहरात १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याच शहरात. आणि रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरवरील २००१ च्या ग्रंथात भोसले कुळाचा माग काढत तो थेट कर्नाटकातील होयसळांपर्यंत नेला. त्यांचे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण पुरावा सीमेपाशी आला म्हणून ते सीमेपाशी थांबले नाहीत. ही आपलीच परंपरा आहे. नातीने तिच्याशी बेइमानी केली नव्हती. ती तिचीच वारसदार होती.

साक्षीदार होणे म्हणजे आपल्या पूर्वजांविषयी कोरडे होणे, असा एक गैरसमज असतो. त्यासाठी बेळवडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दक्षिणदिग्विजयाहून परतताना, १६७८ च्या आरंभी, शिवाजी महाराजांच्या फौजेने बैलहोंगलजवळच्या बेळवडीच्या गढीला वेढा घातला. गढी एका स्त्रीने लढवली. मराठी कथनात तिचे नाव सावित्रीबाई येते. कन्नड परंपरेत ती मल्लम्मा आहे, आणि धारवाडजवळच्या यादवाडच्या एका शिल्पाशी लोक तिचा संबंध जोडतात. तिसरी साक्ष राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांच्या त्या वेळच्या पत्रातली. एवढी राज्ये जिंकणाऱ्याला ही देसाईण आवरत नाही, असे त्यांनी महाराजांच्याच माणसांकडून ऐकून लिहिले आहे. विद्यार्थ्याने येथे काय करावे? एक साक्ष त्याच काळातली आहे, पण ऐकीव आणि व्यापाऱ्याच्या मत्सराने रंगलेली. दुसऱ्या दोन नंतरच्या आहेत आणि आदराने रंगलेल्या आहेत. कोणती किती जुनी, कोणाची, कोणासाठी सांगितलेली, हे त्याने मांडावे. वेढ्याची गोष्ट पक्की आहे. महाराजांनी तिला सन्मानाने वागवले ही गोष्ट परंपरेने जपलेली आहे. आणि या दोन प्रकारच्या गोष्टी एकाच दमात सांगू नयेत. असे केल्याने महाराजांचे तेज कमी होत नाही. कमी होते ती आपली भीती.

हे काम पदवीच्या वर्गातच व्हायला हवे, कारण पुढे ते होत नाही. पदव्युत्तर वर्गापर्यंत थोडी मुले जातात. उरलेली बहुतेक शिक्षक, कारकून, वकील, नगरसेवक, वार्ताहर होतात आणि वीसाव्या वर्षी जो इतिहास घेऊन बाहेर पडली तोच आयुष्यभर बोलतात. आज ही मुले स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतून इतिहास पाठ करतात. सनावळ्या येतात, साक्ष तपासता येत नाही. वास्तविक सीमाभागातील विद्यार्थ्याला जे जन्मतः मिळते ते पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या विद्यार्थ्याला दुर्मीळ असते. तो दोन्ही भाषा ऐकत वाढतो. त्याने मोडी शिकावी आणि हळगन्नडाची तोंडओळख करून घ्यावी. एवढ्यावर तो अशा कपाटांची कुलपे उघडू शकेल, की ज्यांच्यासमोर मोठमोठे पंडित दुभाष्याची वाट पाहत उभे राहतात. त्याने नंदगडला जावे. मराठी खेड्यांच्या त्या टापूत, कित्तूरसाठी लढलेल्या रायण्णाला इंग्रजांनी जानेवारी १८३१ मध्ये फाशी दिले. ज्या सत्तेने १८१८ साली पेशवाई बुडवली, तिच्याशीच १८२४ मध्ये कित्तूरची चन्नम्मा लढली. हा इतिहास ‘त्यांचा’ आहे असे मानून आपल्या मुलांनी तो न वाचणे, हे आपलेच नुकसान आहे. आणि निपाणीच्या मुलाने १९८१ च्या एप्रिलात तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या आणि गोळीबारात मृत्यू पावलेल्या शेतकऱ्यांविषयी विचारावे. त्या शेतकऱ्यांची मागणी तंबाखूला भाव मिळावा ही होती. तिला ना कन्नड म्हणता येईल, ना मराठी. विडी वळणाऱ्या बायांची नावे तर दोन्ही पुस्तकांत नाहीत.

येथे घराण्यांकडेही एक मागणे आहे. आपल्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, लोखंडी पेटीत जे कागद आहेत, ते आपण निवडून देतो. सनद दाखवतो, मानपत्र दाखवतो. वेठीचे हिशेब, कुळांशी झालेले तंटे, भाऊबंदकीचे निवाडे मात्र दडपून ठेवतो. साक्षीदार खरा हवा असेल तर पेटी पूर्ण उघडायला हवी. पूर्वजांवरचे प्रेम निवडक कागदांनी टिकत नाही. ज्यांच्यावर आपण प्रेम करतो ते खरे कसे होते हे पाहण्याची तयारी नसेल, तर ते प्रेम आपल्याच प्रतिमेवरचे ठरते.

त्या मुलीच्या घरची एक हकिगत सांगून थांबतो. निबंधाचा विषय घरात पुन्हा निघाला नव्हता. तिसऱ्या वर्षी ती मोडी शिकू लागली तेव्हा आजोबांनी एके दिवशी आपण होऊन पेटी खाली घेतली आणि एक जीर्ण कागद तिच्यासमोर ठेवला. शहापूर सांगली संस्थानात असतानाचे, घराच्या जागेचे ते खरेदीखत होते. तिने अडखळत मजकूर वाचला आणि शेवटी ‘साक्ष’ या शब्दाखालच्या सह्यांपाशी आली. तीन सह्या मोडीत होत्या. दोन तिला लागेनात. तिने कागद उजेडाकडे धरला. "आजोबा, या दोन कानडीत आहेत."

"असतील," आजोबा म्हणाले. "शेजारी होते ते."

थोडा वेळ ते त्या सह्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यांची नावं काय आहेत बघ. लिहून ठेव."